पितृपक्षातले टायर

पितृपक्षात सोनं घेत नाहीत, कापड घेत नाहीत, हे मला माहीत होतं. टायरसुद्धा घेत नाहीत हे लखनौच्या निशातगंजमधल्या एका दुकानात शिरल्यावर कळलं. एवढं मोठं दुकान, छतापर्यंत टायरांच्या उतरंडी, आणि गिऱ्हाईक एकही नाही. कामगार बाहेर जुन्या टायरांवर बसून गप्पा मारत होते. मालक काचेच्या केबिनमधून लगबगीनं बाहेर आला, माझ्यासाठी खुर्ची पंख्याखाली ओढली आणि हळूच म्हणाला, "बहन जी, नवरात्र में लगवा लेतीं. कुछ ही दिन की तो बात है."

मी म्हटलं, "हवा पितृपक्ष में ही निकल गई भैया. उसको पंचांग देखना नहीं आता."

तो हसला. लखनौत विनोद आवडला नाही तरी माणसं हसतात, एवढी सभ्यता इथे आहे. मग त्यानं चहा सांगितला आणि बाहेर माझ्या गाडीकडे बघायला गेला.

गाडी म्हणजे माझ्या नवऱ्याची गाडी. मोठी, उंच, चौकोनी, चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी. आत चढताना मला अजूनही दाराच्या वरची मूठ धरावी लागते. नवरा आधी हवाई दलात होता, तिथून सुटल्यावर अमौसीला विमानतळावर नोकरीला लागला, आणि ती नोकरी संपत आली तेव्हा त्यानं ही गाडी घेतली. का, तर डोंगरात जायचं. लखनौच्या माणसाला उन्हाळ्यात नैनिताल दिसायला लागतं. याला त्याच्याही पलीकडे, जिथे रस्ता संपतो तिथे जायचं असायचं. आम्ही गेलोही दर वर्षी. मी सांगली जिल्ह्यातली, सपाटीवरची, ऊस आणि हळद बघत वाढलेली. त्या दऱ्या आल्या की मी डोळे मिटून बसायचे आणि हा मला म्हणायचा, पैसे दिलेत, डोळे उघड.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर गाडी डोंगरात गेली नाही. चालवायला मी त्याच्याकडूनच शिकले होते, अमौसीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यांवर, रोज एक भांडण या हप्त्यानं. त्यामुळे गाडी मला चालवता येते, पण जायचं कुठे? भाजी आणायला जाते. चार वांगी आणि कोथिंबिरीची जुडी आणायला एवढं धूड बाहेर काढते आणि बाजारातले लोक, "आंटी, जरा साइड में ले लीजिए," म्हणत माझ्यावर ओरडतात. खोटं कशाला सांगू, मला ते ओरडणं बरं वाटतं. दिवसभरात माझ्याशी कुणीतरी बोललेलं असतं.

हवा गेली ती एका बुधवारी सकाळी. खाली येऊन बघते तर गाडी एका अंगाला कललेली. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. त्यानं चाकाभोवती एक चक्कर मारली, टायरच्या बाजूला बोट लावलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. रबराला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, थंडीत टाचांना पडतात तशा. वरची नक्षी शाबूत होती, टायर अजून धावायचे होते, पण चारही असे फुटत चालले होते. "चले कम, खड़े ज्यादा रहे, माताजी," तो म्हणाला. मला टायरांपेक्षा त्या माताजीचा राग आला. गेल्या वर्षापर्यंत हाच मनुष्य मला मॅडम म्हणत होता.

पण टायर घेणं म्हणजे टायर घेणं एवढंच नव्हतं. मुलगा दोन वर्षं म्हणत होता, गाडी विकून टाक आणि पुण्याला आमच्याकडे ये. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तब्येत, बीपीची गोळी, कामवाली आली की नाही, आणि शेवटी न चुकता, "आई, बेच दो ना गाड़ी यार. और यहाँ आ जाओ आप. कमरा खाली पड़ा है." त्याच्या वाक्यात 'आई' एवढा एकच मराठी शब्द उरलाय. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. लखनौत वाढलेल्या आमच्या सगळ्यांच्या मुलांचं हेच आहे. लहानपणी मला तू म्हणायचा, हिंदीत गेला तसा आप म्हणायला लागला. आता पुण्यात राहून, जिथे रिक्षावालासुद्धा मराठीत उद्धट बोलतो तिथे राहून, तो माझ्याशी हिंदीत आदरानं बोलतो. मी दर वेळी म्हणायचे, बघू रे. पुण्यात बसून लखनौच्या गाडीची काळजी करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असंही एकदा म्हणाले. त्याला ते समजलं नाही आणि समजावून सांगण्यात मजा राहिली नाही.

आता तसं 'बघू' म्हणणं अवघड झालं होतं, कारण आदल्याच आठवड्यात नवऱ्याची तिथी झाली होती. पहिली दोन वर्षं मुलगा येऊन गेला, या वर्षी त्याला रजा नव्हती. मी म्हटलं, करते मी, त्यात काय. आणि केलं सगळं: उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. पहाटेपासून उभी राहून केलं. गच्चीवर कावळ्याला पान ठेवलं, तोही आला पटकन, नवरा हयातीत जेवायला एवढ्या वेळेवर कधी आला नव्हता. मग मी खाली आले आणि माझं पान वाढायला घेतलं. या जेवणाला माणसं लागतात. गावी असते तर भाऊबंद बसले असते, शेजारचे बसले असते, पंगत उठली असती. मी एका माणसाचं पान वाढलं आणि वड्यांचं ताट समोर तसंच भरलेलं राहिलं. इथल्या शेजाऱ्यांना श्राद्धाचं कसं नेऊन द्यायचं? त्यांच्यात चालतं की नाही ते मला माहीत नाही, आणि इतक्या वर्षांत मी विचारलेलं नाही. पुढचे काही दिवस मी फ्रीजमधली खीर खात होते. तिसऱ्या दिवशी खीर खाताना मला एवढं रडू आलं की वाटी बाजूला ठेवावी लागली. तेव्हा मी ठरवलं, पुरे झालं, पुण्याला जायचं.

मुलाला लगेच सांगितलं नाही. आधी गाडीचं मार्गी लावू म्हटलं. ओळखीच्या एका दलालाला सांगितलं, तो म्हणाला, एक पार्टी आहे, सीतापूरकडची, शेतीवाडीवाले लोक आहेत, अशीच गाडी शोधतायत, शनिवारी बघायला येतील. आणि बुधवारी हवा गेली. पंक्चरवाल्यानं जुनी स्टेपनी चढवून दिली, तिच्यावर मी हळूहळू, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, निशातगंजपर्यंत आले. निशातगंजला एवढ्याचसाठी की निवृत्तीपर्यंत माझी बँक तिथे होती. घराजवळही टायरची दुकानं आहेत. पण जिथे आयुष्य गेलं तिथे आपल्याला कुणीतरी ओळखेल असं वाटतं. ओळखलं कुणीच नाही, पण रस्ता पाठ होता.

मालक बाहेरून परत आला आणि माझ्यासमोर बसला. "फोर बाय फोर है," तो म्हणाला, जसं काही मला माहीतच नाही. "इसमें चारों एक साथ बदलने पड़ेंगे."

ते मला माहीत होतं. साध्या गाडीला दोन टायर आत्ता, दोन दिवाळीला, असं चालतं. आम्हा मध्यमवर्गीय मराठी लोकांना तेच आवडतं. हिच्या चारही चाकांना एकाच ठिकाणाहून ताकद मिळते, त्यामुळे चारही एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखेच झिजलेले लागतात. दोन नवे दोन जुने असले की चाकं एकमेकांशी ओढाताण करतात आणि मधली यंत्रणा खलास होते. नवऱ्यानं हे मला डोंगरातल्या एका धाब्यावर चार ग्लास ठेवून समजावलं होतं. मी म्हटलं होतं, बरं बाबा, पराठा खा.

"चारों ही चाहिए," मी म्हटलं.

"अच्छा, तो एक बात बताइए." मालक पुढे वाकला. "बेचनी है या चलानी है?"

मी बाहेर गाडीकडे बघितलं. त्याला वाटलं मला कळलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. विकायची असेल तर एक माल येतो, दिसायला काळाभोर, चकाचक, गिऱ्हाईक चाकाकडे बघतं आणि खूश होतं. सहा-आठ महिन्यांनी काय होईल ते घेणाऱ्याच्या नशिबावर. चालवायची असेल तर मात्र चांगलाच घ्यावा, त्यात दुसरा विचार नाही. हे तो अगदी मोकळेपणानं सांगत होता. मला त्याचं कौतुकही वाटलं, बँकेत मी कर्ज घ्यायला आलेल्या माणसाला इतकं स्वच्छ कधी विचारू शकले नव्हते.

"बेचनी है," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर थांबताच येईना. "बेटे के पास जा रही हूँ. पुणे. अब वहीं रहूँगी."

"अरे वाह!" तो खराच खूश झाला. "किस्मत वाली हैं आप, बहन जी. आजकल कौन बुलाता है माँ-बाप को." त्यानं बाहेरच्या कामगारांना हाक मारून ते विकायचे टायर काढायला सांगितले. चहा आला. गाडी जॅकवर चढली. एक एक चाक निघालं आणि माझी गाडी चारही बाजूंनी लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी राहिली. चाकं काढलेली गाडी बघायला बरी वाटत नाही. मी तोंड फिरवून चहा प्याले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ही बातमी टायरवाल्याला सांगितली, पण मुलाला अजून सांगितली नाही. हसू आलं मला. म्हटलं, चला, लगेच करू फोन. दुपारची वेळ होती, तो ऑफिसात असणार, पण चांगली बातमी आहे, घेईल.

त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. "आई? क्या हुआ? सब ठीक है?"

"सगळं ठीक आहे. ऐक. मी ठरवलं. गाडी विकते आणि तुझ्याकडे येते."

"अरे वाह!" तो म्हणाला. ताबडतोब म्हणाला, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. "बढ़िया! ये तो बहुत सही डिसीजन है." मग म्हणाला, "मतलब, कब तक का सोच रही हैं?"

"नवरात्राच्या आधी."

"अच्छा," तो म्हणाला. "अच्छा, अच्छा."

लखनौत इतकी वर्षं काढल्यावर मला अच्छामधले फरक कळतात. एकच अच्छा आला तर माणूस ऐकतोय. तीन आले तर माणूस मार्ग शोधतोय.

"नहीं आई, आइए, बिल्कुल आइए. बस वो कमरे में ना, अभी मेरा ऑफिस वाला सब लगा हुआ है, टेबल-वेबल, दो दिन घर से काम रहता है ना. और इसकी मम्मी भी शायद आएँगी, उनको डॉक्टर को दिखाना है." इसकी म्हणजे सूनबाई, ती शेजारी असावी असं मला उगीचच वाटलं. "एक काम करते हैं. आप दिवाली पे आ जाओ. आराम से. पंद्रह-बीस दिन रहो हमारे साथ. फिर देखते हैं ना, आगे का."

पंधरा-वीस दिवस. बाहेर कामगारांनी पहिला टायर रिमवर चढवला होता आणि हवा भरताना रबर रिमला धरतं तेव्हा होतो तसा फट् आवाज झाला. मी दचकले.

"अरे हो, तेच म्हणत होते मी," मी म्हटलं. "दिवाळीलाच. आत्ता कुठे घाई आहे मला? माझी इथली किती कामं राहिलीत. मी आपलं सहज म्हटलं."

"पक्का? नाराज तो नहीं हो?"

"वेडा आहेस का? तू जेवलास?"

"हाँ, खा लिया. और सुनो, गाड़ी वाला जो सोचा है ना, वो एकदम सही है. बेच ही दो. टेंशन खतम."

"हो," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मालक मधेच केबिनमध्ये गेला होता, त्यानं काचेआडून सगळं बघितलं होतं, मराठी त्याला कळलं नसणार. "खुश हुआ होगा बेटा?" त्यानं विचारलं.

"बहुत," मी म्हटलं.

आणि मग त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आमच्या लखनौतल्या पहिल्या वर्षातला एक रविवार आठवला. मी नुकतीच बँकेच्या इथल्या शाखेत रुजू झाले होते. मुलगा कडेवर होता. शाखेतले एक ज्येष्ठ क्लार्क, फार गोड माणूस, मला म्हणाले, "इतवार को आइए न आप लोग, साथ खाना खाएँगे." आमच्याकडे सांगलीला कुणी जेवायला बोलावलं म्हणजे बोलावलं. बोलवायचं नसेल तर 'चहा घेऊनच आला असाल ना' म्हणून मोकळे होतात. आम्ही रविवारी दुपारी, बाळाला नवं झबलं घालून, लाडवांचा डबा घेऊन त्यांच्या दारात. दार उघडलं त्यांनीच, बनियन आणि लुंगीवर, डोक्याला तेल चोपडलेलं. एक क्षणभर ते आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आइए, आइए! बड़ी देर कर दी आपने, हम तो राह देख रहे थे." आतून त्यांची बायको ओल्या हातांनी बाहेर आली, तिनं मुलाला माझ्या कडेवरून घेतलं, त्याचे मुके घेतले आणि आम्हाला पंख्याखाली बसवलं. मागच्या दारानं कुणीतरी बाजारात पळालं. आम्ही दोन तास बसलो. पोटात कावळे ओरडत होते. शेवटी पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी, दह्यातली बुंदी, आणि इतक्या आग्रहानं वाढलं की मला उठवेना. घरी आल्यावर घरमालकिणीला सांगितलं, उशीर केला हो फार, पण माणसं प्रेमळ. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अरे, तुम सच में चले गए? वो तो कहा जाता है."

वो तो कहा जाता है. म्हणजे ते म्हणायचं असतं, बास. बोलावणारा बोलावतो, समोरचा 'जरूर, जरूर' म्हणतो, दोघांनाही बरं वाटतं, आणि कुणी कुठे जात नाही. पुढे कितीतरी वर्षं आम्ही नवरा-बायको या गोष्टीवर हसलो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असं म्हणून मी माहेरी लखनौची टिंगल करायचे. पण मी तेव्हा एक विचार केला नव्हता. माझ्या कडेवरचं ते पोर याच गावात वाढलं. गल्लीत, शाळेत, मित्रांच्या घरी त्यानं हेच ऐकलं, हेच शिकलं. दर रविवारी तो मला पुण्याला बोलवत होता ते खोटं नव्हतं. त्याला आई आवडते, म्हणून तो म्हणत होता. आणि दोन वर्षं 'बघू रे' म्हणून मी अगदी रीतीला धरून उत्तर देत होते. मग एके दिवशी मी लाडवांचा डबा घेऊन दारात उभी राहिले.

त्यानं काय करायचं होतं? त्यानं दार उघडलं, आइए म्हणाला, आणि हळूच मला दिवाळीपर्यंत मागे सरकवलं. त्या क्लार्कच्या बायकोनं पुऱ्या तळल्या होत्या तसंच मीही केलं, 'सहज म्हटलं' म्हणाले, त्याला अवघडू दिलं नाही. इतकी वर्षं या गावाला नावं ठेवली, आणि त्या दुपारी एका टायरच्या दुकानात मी पुरती इथली झाले. त्याचा मला काही आनंद झाला नाही. मला फार एकटं वाटलं. नवरा गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. आज माझ्याजवळ फक्त तो मालक होता, आणि तो हिशेबाच्या यंत्रावर बोटं आपटत होता.

बाहेर तिसरा टायर चढला होता. काळाभोर, चकाचक. मी उठून केबिनच्या दारात गेले.

"भैया, ये उतरवा दीजिए."

"जी?"

"नहीं बेचनी. चलानी है."

त्यानं हिशेबाचं यंत्र बाजूला ठेवलं. तीन टायर चढले होते, कामगार घामाघूम झाले होते, चौथा हातात होता. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आलं असेल ते आलं असेल. "हो तो जाएगा, बहन जी," तो म्हणाला, "लेकिन अभी तो आप..."

"अभी तो कहा था," मी म्हटलं. "अब कह रही हूँ चलानी है. ये तीन चढ़ गए हैं तो भी नहीं चलेंगे. चारों एक जैसे चाहिए, आप ही ने बोला न."

आवाज चढला माझा. कामगार बघायला लागले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तोच समोर होता. त्यानं मात्र तोंडावरची रेषही हलू दिली नाही. कामगारांना टायर उतरवायला सांगितले आणि मला पुन्हा खुर्चीत बसवलं. आणखी एक चहा सांगितला. मग दलालाला मी तिथूनच फोन केला की शनिवारी कुणाला आणू नका. तो चिडला. त्याला चिडायचा हक्क होता, मी ऐकून घेतलं.

मी तसं का केलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आता येतं. पुण्याला जायचं नाही म्हटल्यावर मला याच घरात राहायचं होतं, याच रस्त्यांवर, पुढची किती वर्षं कोण जाणे. गाडीही गेली असती तर मला दाराबाहेर काढणारं काहीच उरलं नसतं. भाजीवाला घरपोच भाजी देतो हल्ली. औषधं घरपोच येतात. कुणाशीही एक अक्षर न बोलता माझा दिवस जाऊ शकतो, आणि पुष्कळ दिवस तसे गेले आहेत. मुलगा म्हणतो तसं टेन्शन संपलं असतं. त्याचं. तो वाईट नाही. पण मी टेन्शन होऊन का होईना, हलती राहणार होते.

मालकानं दोन टायर माझ्यासमोर आणून उभे केले. दोन्ही चांगले, दोन्ही चालवायचे. एकाची नक्षी बारीक, गुळगुळीत, शहरातल्या डांबरी रस्त्याची. दुसऱ्याची जाड, दातेरी, दगडमातीत धरणारी. "ये वाला लीजिए," बारीक नक्षीच्या टायरवर थाप मारत तो म्हणाला. "आपको तो शहर में ही चलाना है. मक्खन जैसा चलेगा. गाड़ी में बैठेंगी तो पता ही नहीं चलेगा कि चल रही है. ये दूसरा वाला आवाज बहुत करता है."

ते दुसरं मला चांगलंच ठाऊक होतं. नवऱ्यानं कायम तसलेच घातले. डोंगराकडे जाताना मोकळ्या रस्त्याला लागलो की ते घूंऽऽ करून जे सुरू व्हायचे ते संध्याकाळपर्यंत. विमानांच्या इंजिनाशेजारी जन्म काढल्यानं त्याला तसंही कमी ऐकू यायचं, त्यात हे टायर, त्यामुळे आम्ही दोघं गाडीत ओरडूनच बोलायचो. एकदा मुलगा सुट्टीत आला होता, मागे झोपला होता. उठून म्हणाला, आप लोग लड़ क्यों रहे हो? नवरा म्हणाला, भांडत नाही रे, ही विचारतेय चहाला कुठे थांबायचं.

"आवाज वाला लगाइए," मी म्हटलं.

"सोच लीजिए, बहन जी. बाद में सब लोग शिकायत करते हैं. कान पक जाते हैं."

"लगाइए," मी म्हटलं. "चुप्पी घर में बहुत है."

यावर तो हसला नाही. उठला आणि स्वतः बाहेर जाऊन कामगारांना टायर दाखवून आला.

बॅलन्सिंग, अलाइनमेंट होईपर्यंत दुपार कलली होती. निघताना त्यानं नव्या टायरवर सुरुवातीला ब्रेक जपून लावा असं बजावलं आणि गाडीचं दार उघडून धरलं. "कभी घर आइए बहन जी," तो म्हणाला, "हमारी मिसेज आपसे मिलके बहुत खुश होंगी."

"जरूर," मी म्हटलं.

निशातगंजच्या गर्दीत काही कळलं नाही. शहर मागे पडत चाललं, अमौसीकडचा रुंद रस्ता लागला, वेग जरा वाढला, तसे टायर खालून बोलायला लागले. आधी हलके, मग भरदार, एकसारखे. मी काचा वर करून घेतल्या. आणि मग, आजूबाजूला ट्रक, बस, स्कूटर, कुणाचंही माझ्याकडे लक्ष नसताना, मी मोठ्यानं, मराठीत, मुलाला जे फोनवर बोलले नव्हते ते बोलले.

"मला यायचं होतं रे," मी म्हटलं. "सहज नव्हतं म्हटलं. मला खरंच यायचं होतं."